मुलांच्या हाती लेखणी

(ज्ञातिसंस्थेच्या सांगली येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. त्यानंतर विद्यार्थ्यांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आम्हांस आज्ञा होती. परंतु मुलांना उपदेश करणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते मुलांच्या आईबापांशी, आजी-आजोबांशी, आणि विषय आहे लहान मुलांच्या लेखनाचा. मुलांनी आनंदाने, आपल्या मनाचे, आपल्या शब्दांत लिहावे यासाठी आपण काय करतो, आणि विशेषतः काय करू नये, एवढाच तो विषय. त्याची सुरुवात आम्हांस स्वतःच्या एका अपराधापासून करावी लागेल.

आपल्या संस्थेतर्फे दरवर्षी निबंधस्पर्धा होते, हे आपण जाणताच. काही वर्षे तिच्या परीक्षणाचे काम आम्हांकडे होते. एका वर्षी विषय होता 'माझे घर'. आलेले बहुतेक निबंध एकाच साच्यातले. प्रत्येकाचे घर टुमदार, प्रत्येकाच्या अंगणात तुळशीवृंदावन, प्रत्येकाची आई वात्सल्यमूर्ती. ज्या निबंधाची भाषा सर्वांत सफाईदार होती त्यास आम्ही पहिला क्रमांक दिला. पुढे दोन महिन्यांनी एका निबंधमालेच्या पुस्तकात तो निबंध अक्षरशः तसाच आमच्या दृष्टीस पडला, तुळशीवृंदावनासकट. परंतु फसलो ही गोष्ट आम्हांस तितकीशी लागली नाही. लागली ती दुसरीच.

त्याच गठ्ठ्यात माण तालुक्यातील एका खेड्यातून आलेला एक निबंध होता. मुलगा चौथीतला. वडील आपल्याच धंद्यातले. बाजाराच्या दिवशी ते मशीन सायकलला बांधून शेजारच्या गावी नेत आणि लिंबाखाली बसून शिवत. मुलाने घराचे वर्णन केलेच नव्हते. त्याने गोधडीचे वर्णन केले होते. आबांच्या उरलेल्या चिंध्यांची आईने गोधडी शिवली. तिच्यात एक तुकडा पाटलांच्या सदऱ्याचा, एक शाळेच्या गणवेशाचा, एक कोणा नव्या नवरीच्या चोळीचा. आणि रात्री आपण सगळे गाव पांघरून झोपतो, असे त्या पोराने लिहिले होते. ज्या आठवड्यात काम नसते त्या आठवड्यात आई मशीनभोवती आवाज न करता झाडते, असेही एक वाक्य होते.

आम्ही काय केले? 'गोदडी'च्या 'द'खाली तांबडी रेघ ओढली. 'आबा शिवत्यात' यातील 'शिवत्यात' खोडून 'शिवतात' केले. विषयांतराबद्दल गुण कापले. आणि संस्थेच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे तपासलेला कागद त्याच्या घरी परत पाठविला.

पुढल्या वर्षी त्याच मुलाचा निबंध पुन्हा आला. अक्षर वळणदार, एकही चूक नाही. आई वात्सल्याचा सागर होती. अंगणात तुळशीवृंदावन होते. त्याच्या गावातले पाण्याचे हाल ज्यांस ठाऊक आहेत त्यांनी त्या तुळशीची कल्पना करावी. सज्जनहो, आम्ही शिकविले ते तो शिकला होता.

आता, आपण शिंपी. आपल्या वाडवडिलांनी मुलांना धंदा कसा शिकविला ते क्षणभर आठवा. सहा-सात वर्षांचे पोर दुकानात येऊन बसू लागले म्हणजे त्याच्या हाती प्रथम काय येई? सुई ओवण्याचे काम, आणि एक चिंधी. त्या चिंधीवर त्याने हवे तसे टाके घालावेत. टाका वाकडा पडला म्हणून कोणी त्याच्या पाठीत गज घातला, असे आम्ही तरी पाहिले नाही. कारण चिंधी वाकड्या टाक्यासाठीच असे. मग काजे, बटणे, तुरपाई. मशीनवर बसायला पाय पायट्यापर्यंत पोचावे लागत. कात्री तर मिसरूड फुटेपर्यंत हाती येत नसे. गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावण्यापूर्वी त्या मुलाने शेकडो चिंध्या खराब केलेल्या असत, आणि त्या खराब झाल्या असे कोणास वाटतही नसे.

लेखनाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. सात वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशीच गिऱ्हाइकाचे कापड देतो. ते लिहिते ते गुणांसाठी, तपासणीसाठी, पाहुण्यांना दाखविण्यासाठी. चिंधी अशी त्याला मिळतच नाही. मग ते शहाणे मूल काय करील? तयार कपडा आणून दाखवील. पूर्वी तो निबंधमालेतून येई, आज मोबाईलमधून येतो. हल्ली तर यंत्राला विषय सांगितला की क्षणात चार परिच्छेद तयार होऊन मिळतात. यंत्रावर रागावण्यात अर्थ नाही. उसना निबंध आपल्याला चालतो, हे मुलांना यंत्र येण्याच्या फार आधीपासून कळलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, मग शुद्धलेखन नको काय? अवश्य हवे. तथापि इस्त्री ही शिवून झालेल्या कपड्यावर फिरते. आधी कच्चा धावदोरा, मग पक्की शिलाई, मग काजबटण, आणि सर्वांत शेवटी इस्त्री, हा क्रम आपल्या घरात कोणास समजावून सांगावा लागत नाही. उसवण्याचीही आपणास लाज नाही. मापात चुकले तर आपण मुकाट्याने उसवतो आणि पुन्हा शिवतो. लिहिलेले खोडून पुन्हा लिहिणे म्हणजे तेच. पण मुलांच्या वहीत खाडाखोड दिसली की आपल्या कपाळाला आठी पडते.

आपल्या ज्ञातीला तर या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. संत नामदेवरायांचे घर आठवावे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. परंपरेप्रमाणे त्या घरात बहुतेक प्रत्येकाच्या नावे अभंग आहेत. आणि ज्या जनाबाईंना जगाने दासी म्हटले, त्यांनी दळण-कांडण करता करता रचलेले अभंग आज सातशे वर्षांनी माहेरवाशिणींच्या तोंडी आहेत. नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, याचा आपण वार्षिक सभेत अभिमानाने उल्लेख करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो त्या घरातील वातावरणाचा. तेथे रचना करणे हे एका थोर माणसाचे काम नव्हते. सासू-सुनेचे गाऱ्हाणेसुद्धा अभंगात येई. विठ्ठलाशी भांडण झाले तर तेही अभंगात. घरातले कोणीही आपले सुखदुःख शब्दांत मांडू शकते आणि बाकीचे ते ऐकतात, अशी ती रीत होती.

सातारा जिल्ह्याचेच आणखी एक नाव घेतो. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ हा त्यांचा जन्मदिवस. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातले. या दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. लिहिणारी अजून मुलगीच होती आणि तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. तिला 'वसंत ऋतू' असा विषय कोणी नेमून दिला असता तर तिने काय लिहिले असते कोण जाणे. तिने आपल्या लोकांवर जे गुदरले तेच लिहिले आणि धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाला सरळ प्रश्न विचारले. आज मराठी गद्याचा इतिहास सांगताना हा निबंध वगळता येत नाही. ज्या शिक्षकांनी तो लिहू दिला, त्यांनी त्यातील भाषा 'नीट' करण्याच्या नादात तिचे बोलणे बदलले नाही, हे त्यांचे मोठेपण आम्हांस आज विशेष वाटते. आम्ही त्यांच्या जागी असतो तर? पण तो प्रश्न आम्ही स्वतःपुरताच ठेवतो.

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या मुलुखाने मराठीला किती लेखक दिले पाहा! वाळव्याकडच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ सालची. आटपाडीचे शंकरराव खरात. शेजारच्या माडगुळ्याचे ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू. व्यंकटेशांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले तेव्हा मराठी वाचकांना कळले की दुष्काळी माणसाच्या बोलण्यातही साहित्य असते. यांपैकी कोणीही ज्ञातीने आपला नाही म्हणून आपण यांची नावे टाळावीत, असे कोणास वाटत असेल तर त्यांनी कृपा करून तसे वाटू देऊ नये. ज्या माणदेशाच्या बोलीवर व्यंकटेशरावांनी कीर्ती मिळविली, त्याच बोलीतले 'शिवत्यात' आम्ही खोडले. अज्ञानाने खोडले असते तर गोष्ट वेगळी. 'माणदेशी माणसं' आमच्या कपाटात होते.

फलटणचे उदाहरण अधिक जवळचे, आणि अधिक अलीकडचे. डॉ. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषी फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करण्यासाठी आल्या आणि तेथेच राहिल्या. शाळेबाहेर राहिलेल्या दलित मुलांना वाचायला शिकविण्यापासून त्यांच्या कामाला सुरुवात झाली. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. भाषाशास्त्राच्या जाणकार असल्यामुळे मुलाची घरची बोली ही चूक नसते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. मुलाने अक्षरे नीट, क्रमाने शिकावीत याबद्दल तेथे आग्रह; पण त्याबरोबरच त्याने चित्रे काढावीत, गप्पा माराव्यात, गोष्टी ऐकाव्यात आणि येतील तेवढ्या अक्षरांत आपल्या मनाचे लिहावे, यावरही तितकाच भर. शिस्त आणि मोकळीक एकत्र नांदत नाहीत, असे समजणाऱ्यांनी एकदा फलटणला जावे. एस.टी.ने साताऱ्याहून फार वेळ लागत नाही.

रशियातील एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिच्यात शिवणकामाचा संबंध आहे. टॉलस्टॉय या थोर कादंबरीकाराने १८५९ साली आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. एकदा त्याने मुलांना एक म्हण देऊन तिच्यावर गोष्ट लिहा म्हटले. कोणी लिहीना. तेव्हा तो स्वतःच लिहू लागला. मुले मागून डोकावू लागली आणि त्याच्या चुका काढू लागली! फेद्का आणि स्योम्का ही दोन पोरे तर सांगत सुटली आणि तो थोर लेखक लेखनिक होऊन उतरवून घेऊ लागला. गोष्टीतला एक माणूस थंडीत बायकी आखूड फरकोट अंगावर चढवतो, हा तपशील फेद्काने सुचविला. टॉलस्टॉय म्हणतो की त्या एका कपड्याने सगळे घर डोळ्यांपुढे उभे राहिले. आपणास ते सुचले नसते. पुढे ती पाने इतर मुलांच्या हाती लागली, त्यांची कागदी खेळणी झाली आणि ती चुलीत गेली. टॉलस्टॉय फार कष्टी झाला. तेव्हा त्या दोघा पोरांनी रात्री बसून गोष्ट पुन्हा लिहून काढली. १८६२ साली त्याने यावर एक लेख लिहिला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून लिहिणे शिकावे, की आम्ही त्यांच्याकडून, असा प्रश्न त्या लेखाच्या शीर्षकातच आहे.

ही हकीकत वाचली तेव्हा आम्हांस आमचा माणचा मुलगा आठवला. गेल्या दिवाळीत तो साताऱ्यात भेटला. आता तो मुलगा कसला. चांगला कर्तासवरता गृहस्थ आहे, तयार कपड्यांच्या दुकानात कापड बेततो. आम्ही गोधडीच्या निबंधाची आठवण काढली. तो कागद जपून ठेवला आहे काय, असेही विचारले. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, त्यात काय होतं एवढं? चुकाच लई होत्या." फेद्काने पुन्हा लिहिले, कारण आपण लिहिले ते मोलाचे होते हे त्यास टॉलस्टॉयच्या चेहऱ्यावरून कळले होते. आमच्या मुलास आमच्या तांबड्या शाईवरून काय कळले, हे त्याने आम्हांस पंचवीस वर्षांनी ऐकविले.

तर मग करावे काय? आम्ही शिक्षणशास्त्राचे पंडित नाही. घरातल्या घरात होण्याजोग्या काही गोष्टी सुचवितो.

मुलाला अजून लिहिता येत नसेल तर त्याने सांगावे आणि आपण लिहून घ्यावे. टॉलस्टॉयने जे केले ते करण्यात आपणास कमीपणा नसावा. त्याने "काल मांजरी धान्याच्या कणगीत व्याली" म्हटले तर तेच लिहावे, 'मार्जारीस पिल्ले झाली' असे नव्हे. मग ते त्यालाच वाचून दाखवावे. आपण बोललेले कागदावर राहते, हे पहिल्यांदा समजते तेव्हाचा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

लिहिता येऊ लागले की एक वही अशी द्यावी जी कोणी तपासणार नाही. ही वही म्हणजे चिंधी. तिच्यात गिरगटावे, चित्रे काढावीत, अर्धवट सोडावे. विचारल्याशिवाय ती वाचू नये. वाचायला दिली तर प्रथम काय आवडले ते सांगावे, आणि मग पुढे काय झाले ते विचारावे. 'छान' एवढे म्हणून वही परत देणे म्हणजे वाचलीच नाही असे मूल समजते, आणि बहुधा ते खरेच असते. दारी पाहुणे आले की मुलाला उभे करून त्याची कविता म्हणावयास लावणे हा प्रकार तर बंद झालाच पाहिजे. ज्या मुलांवर ही वेळ येते ती पुढे कविता करीत नाहीत.

विषय मोठे देऊ नयेत. 'मी पंतप्रधान झालो तर' या विषयावर मूल थापाच मारणार. आजोबांच्या चष्म्याची दोरी, भर उन्हातला एस.टी.चा प्रवास, महापुरात कृष्णेचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले ते, हे त्याचे विषय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरले तेव्हा कितीतरी मुलांनी माळ्यावर, गच्चीवर, नातलगांकडे दिवस काढले. त्यांतल्या किती जणांना आपण त्याविषयी लिहावयास सांगितले? शाळा उघडल्यावर बहुधा 'पाणी हेच जीवन' हाच निबंध झाला असावा.

मुलींचा विचार निराळा करावा लागेल. संध्याकाळी मुलगा वही घेऊन बसतो तेव्हा त्याच वयाची मुलगी भांड्यांपाशी असते. वही दोघांना दिली तरी वेळ एकालाच मिळतो. जनाबाईंनी जात्यावर रचले म्हणून आपल्या मुलींनीही तसेच करावे, असा अर्थ कोणी काढू नये.

"लिहून पोट भरते का?" असा प्रश्न आम्हांस मागील सभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी मागाहून आलेल्या तयार कपड्यांमुळे भरलेले दुकान रिकामे होताना पाहिले त्यांनी तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की बहुधा भरत नाही. परंतु स्वतःच्या मनातले नेमके मांडता न आल्यामुळे बँकेत, कचेरीत, मुलाखतीत आपली किती मुले मागे राहतात, हे आपल्या वसतिगृहाच्या देखरेख समितीस विचारावे. आणि पोटापलीकडेही काही असते, हे नामदेवांच्या वंशजांना आम्ही काय सांगावे?

पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आपल्या बांधवांची नातवंडे इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांस मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी आजीने पत्र लिहावे. फोन असतोच, तरीही लिहावे. उत्तर तोडक्यामोडक्या मराठीत आले तर चुका सुधारून परत पाठवू नये. आम्हांस या बाबतीत अनुभव आहे, तो आपण ऐकलाच.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडून पुस्तकांचे गाव वसले आहे. सुटीत मुलांना स्ट्रॉबेरी खायला नेता, तेव्हा तेथेही न्यावे. येताना त्यांनी पाहिलेले त्यांच्याकडून ऐकावे.

शेवटी संस्थेविषयी. कार्यकारी मंडळाने आमच्या तीन सूचना यंदा मान्य केल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. निबंधस्पर्धा यापुढे घरून लिहून आणण्याची राहणार नाही. मुले सातारा, कऱ्हाड आणि सांगली या तीन ठिकाणी एका सकाळी जमतील, आधी तासभर गोष्टी ऐकतील आणि मग तेथेच लिहितील. क्रमांक काढले जाणार नाहीत. आणि स्मरणिकेची आठ पाने मुलांच्या लेखनासाठी राखून ठेवली आहेत, ज्यांत त्यांची बोली आहे तशी छापली जाईल. शेवटची गोष्ट मान्य होण्यास बराच वाद झाला. तो सभेच्या वृत्तांतात आहे, येथे सांगत नाही.

बक्षिसांच्या शिलकी रकमेतून कोऱ्या वह्या घेतल्या आहेत. दारापाशी मेजावर ठेवल्या आहेत. जाताना घरातील प्रत्येक मुलामागे एक याप्रमाणे न्याव्यात. अजून शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठीही न्याव्यात. सोबत शिसपेन्सिली आहेत. तांबडी पेन्सिल कोणास मिळणार नाही, ती मागूही नये.